स्वच्छ ऊर्जेच्या निधीतील जोखीम कोणी उचलायची? विकास बँकांना खुले पत्र

प्रति,
जागतिक बँक, आफ्रिकी विकास बँक आणि आशियाई विकास बँक यांच्या संचालक मंडळांचे सदस्य,
तसेच या बँकांचे मोठे भागधारक असलेल्या श्रीमंत देशांची अर्थमंत्रालये

विषय: विकसनशील देशांत स्वच्छ ऊर्जा पोहोचवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या निधीच्या अटींबाबत

महोदय/महोदया,

स. न. वि. वि.

सप्टेंबर 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टे स्वीकारली. त्यांतील सातव्या उद्दिष्टानुसार 2030 पर्यंत जगातील प्रत्येकाला परवडणारी, भरवशाची आणि आधुनिक ऊर्जा मिळायची आहे. जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था, आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्था, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी विभाग मिळून या उद्दिष्टाच्या प्रगतीचा अहवाल दरवर्षी काढतात. 2025 च्या अहवालानुसार 2023 मध्ये 66.6 कोटी लोकांकडे वीज नव्हती आणि त्यांतील 85 टक्के उपसहारा आफ्रिकेतले होते. सुमारे 210 कोटी लोक अजूनही लाकूड, कोळसा, गोवऱ्या किंवा रॉकेल अशा धूर करणाऱ्या इंधनावर स्वयंपाक करतात. विकसनशील देशांतील स्वच्छ ऊर्जेसाठी मिळणारा आंतरराष्ट्रीय सरकारी निधी 2016 मध्ये 2,840 कोटी डॉलरवर पोहोचला होता. पुढे तो बराच घसरला आणि 2023 मध्ये थोडा सावरूनही 2,160 कोटी डॉलरच राहिला. या 2023 च्या निधीत कर्जाच्या स्वरूपातील पैसा 83 टक्के होता आणि अनुदानाचा वाटा 10 टक्क्यांहूनही कमी होता. हे पत्र लिहिण्याचे कारण मुख्यतः हे शेवटचे दोन आकडे आहेत.

निधी कमी पडतो ही तक्रार आपण अनेकांकडून ऐकली असेल, आणि ती खरीच आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत देण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी 1970 मध्ये ठरवले. ते पाळणारे देश आजही हाताच्या बोटांवर मोजता येतात. उलट ब्रिटनने फेब्रुवारी 2025 मध्ये आपली मदत 0.5 टक्क्यांवरून 2027 पर्यंत 0.3 टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. अमेरिकेने त्याच वर्षी आपली विकास मदत संस्थाच गुंडाळली आणि तिच्यासोबत 2013 पासून आफ्रिकेत वीज प्रकल्पांना हात देणारा ‘पॉवर आफ्रिका’ हा कार्यक्रमही संपला. तरीही या पत्राचा रोख रकमेवर नाही. जो पैसा आज दिला जातो त्याच्यासोबत येणारी जोखीम कोणाच्या डोक्यावर ठेवली जाते, हा माझा प्रश्न आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ती आज अशांच्या डोक्यावर आहे, ज्यांना ती पेलणे सर्वांत अवघड आहे, आणि ही रचना बदलणे आपल्या हातात आहे.

स्वच्छ ऊर्जेचे अर्थशास्त्र मुळात व्याजाचे अर्थशास्त्र आहे. डिझेलवर चालणारे जनित्र स्वस्तात घेता येते आणि त्याचा खरा खर्च पुढे इंधनावर होतो. सौर प्रकल्पाचे उलटे असते: ऊन फुकट, पण पॅनेल, तारा, बॅटरी यांचा जवळपास सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि तो कर्ज काढूनच होतो. दहा लाख डॉलरचा एक प्रकल्प धरा. सगळी रक्कम 20 वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेडायची आहे. व्याजदर 4 टक्के असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे 73,600 डॉलर पडतो. 12 टक्के असेल तर तोच हप्ता सुमारे 1,33,900 डॉलर होतो. पॅनेल तेच, ऊन तेच, तयार होणारी युनिटेही तेवढीच. हप्ता मात्र 1.8 पट. 2010 ते 2023 या काळात मोठ्या सौर प्रकल्पांतील विजेचा सरासरी खर्च जगभरात सुमारे 90 टक्क्यांनी उतरला, आणि त्याचे कौतुक आपल्या प्रत्येक परिषदेत होते. पण आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्याच म्हणण्यानुसार विकसनशील देशांत अशा प्रकल्पांसाठी भांडवल उभे करण्याचा खर्च श्रीमंत देशांच्या दुपटीहून अधिक आहे. तंत्रज्ञानाने जे दिले त्यातले बरेचसे व्याजाने परत घेतले जाते. जगातील उत्तम सूर्यप्रकाशाच्या प्रदेशांपैकी सुमारे 60 टक्के आफ्रिकेत आहेत, जगाच्या लोकसंख्येचा जवळपास पाचवा हिस्सा तिथे राहतो, आणि स्वच्छ ऊर्जेतील जागतिक गुंतवणुकीचा तिथे येणारा वाटा मात्र 2 टक्क्यांच्या आसपास आहे.

व्याज चढे का असते याचे उत्तर आपले अधिकारी ‘देशाची जोखीम’ या दोन शब्दांत देतात. या दोन शब्दांत अनेक गोष्टी कोंबलेल्या असतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे चलनाची जोखीम. वीज विकली जाते स्थानिक चलनात. कर्ज फेडायचे असते डॉलर किंवा युरोत. नायजेरियाने जून 2023 मध्ये आपल्या चलनाचा विनिमय दर मोकळा केला. त्याआधी एका डॉलरला साधारण 460 नायरा पडत. वर्षभरात तो भाव 1,400 च्या वर गेला. डॉलरमध्ये कर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या एखाद्या छोट्या सौर ग्रिडच्या, म्हणजे गावापुरत्या वीजजाळ्याच्या, चालकाने या काळात काहीही चूक केलेली नसली, त्याची वसुली शंभर टक्के असली, तरी नायरात मोजल्यास त्याचा हप्ता तिपटीच्या पुढे गेला. आता त्याने काय करावे? वीजदर तिप्पट केला तर ग्राहक पुन्हा रॉकेलकडे वळतात. दर तसाच ठेवला तर कर्ज थकते, आणि थकलेले ते कर्ज पुढच्या प्रकल्पाच्या वेळी ‘देशाची जोखीम’ म्हणून पुन्हा व्याजदरात शिरते.

डॉलरशी बांधलेले करार केवळ छोट्यांना बुडवतात असेही नाही. घानाने विजेच्या टंचाईच्या काळात घाईघाईने असे करार केले, ज्यांत वीज घ्या किंवा न घ्या, पैसे द्यावेच लागतात. ते प्रकल्प बहुतेक गॅस आणि तेलावरचे होते, म्हणून ते स्वच्छ ऊर्जेच्या हिशेबात येत नाहीत. कराराचा साचा मात्र तोच आहे. जुलै 2019 मध्ये त्या देशाच्या अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले की, गरज नसलेल्या वीजक्षमतेपोटी दरवर्षी 50 कोटी डॉलरहून अधिक रक्कम जाते. डिसेंबर 2022 मध्ये घानाने बहुतांश परकी कर्जाची परतफेड थांबवली. त्याची कारणे अनेक होती, वीजक्षेत्राची देणी हे त्यांतले एक.

चलनाच्या चढउताराचे काय करायचे हे आपल्याला ठाऊक नाही असे नाही. चलनविनिमयाची जोखीम वाटून घेण्यासाठी 2007 मध्ये नेदरलँड्समध्ये युरोपीय विकास वित्तसंस्थांच्या पुढाकाराने एक खास निधी स्थापन झाला आणि अनेक विकास बँका त्याच्या भागधारक आहेत. मात्र गरीब देशांच्या चलनांसाठी हे संरक्षण बाजारभावाने विकत घ्यायचे म्हटले की त्याचा खर्च इतका होतो की सवलतीच्या कर्जाची सवलतच उडून जाते. म्हणून हा खर्च कोणीतरी अंगावर घ्यायला हवा, आणि तो घेण्याची ऐपत वीज विकत घेणाऱ्या कुटुंबापेक्षा आपली अधिक आहे. अनेक देशांत पसरलेल्या कर्जांमध्ये एका चलनाची घसरण दुसऱ्याच्या स्थैर्याने काही प्रमाणात भरून निघते. एका देशातल्या एका वीजकंपनीला ही सोय नसते. यावर आपला ठरलेला आक्षेप मला माहीत आहे: असे केले तर बँकेचे सर्वोच्च पतमानांकन धोक्यात येईल. पण जागतिक बँकेने कर्जाच्या तुलनेत स्वतःचे भांडवल किती राखायचे ही मर्यादा 20 टक्क्यांवरून 2023 मध्ये 19 आणि पुढे 2024 मध्ये 18 टक्क्यांवर आणली, तरीही मानांकन जागचे हलले नाही. जी 20 गटाने नेमलेल्या तज्ज्ञांनीही 2022 मध्ये हेच सांगितले होते की, बहुपक्षीय बँका आहेत त्यापेक्षा अधिक जोखीम पेलू शकतात. मोकळ्या झालेल्या या क्षमतेतून आणखी डॉलर कर्जे देण्यापेक्षा स्थानिक चलनातील कर्जांसाठी वेगळा राखीव निधी उभारणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे मला वाटते.

खासगी भांडवल येईल आणि तेच हे सारे ओझे उचलेल, हा भरवसा गेली दहा वर्षे बाळगला गेला. 2015 मध्ये ‘अब्जांतून लाखो कोटी’ उभे करण्याची घोषणा झाली होती. म्हणजे सरकारी निधीने वाट दाखवायची आणि त्याच्या कितीतरी पट खासगी पैसा मागून येईल. लंडनमधील ‘ओडीआय’ या विचारसंस्थेने 2019 मध्ये प्रत्यक्ष आकडे तपासले, तेव्हा विकास बँका आणि वित्तसंस्थांच्या एका डॉलरमागे विकसनशील देशांत सरासरी 75 सेंट आणि सर्वांत गरीब देशांत केवळ 37 सेंट खासगी पैसा आल्याचे दिसले. यात गुंतवणूकदारांचा दोष काढण्यात अर्थ नाही. जिथे नफा निश्चित नाही आणि चलन घसरते, तिथे ते जात नाहीत. दोष असलाच तर तो हा की, ज्या देशांत खासगी पैसा येणार नाही हे उघड होते, तिथेही अनुदानाच्या जागी त्याचीच वाट पाहत बसण्यात आपण वर्षे घालवली.

आता तारांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण परिषदांच्या छायाचित्रांत तारा दिसत नाहीत. केनियाच्या उत्तरेला तुर्काना सरोवराजवळ 365 पवनचक्क्यांचा 310 मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. आफ्रिकी विकास बँकेने त्यासाठी वित्तपुरवठा जुळवण्यात पुढाकार घेतला होता; जागतिक बँक मात्र 2012 मध्येच त्यातून बाहेर पडली होती, कारण इतकी वीज केनियाच्या वीजकंपनीला खपवता येईल का आणि नाही खपली तर तिचे पैसे कोण देईल, अशी तिला शंका होती. पवनचक्क्या 2017 च्या सुरुवातीला तयार झाल्या. त्यांची वीज देशाच्या ग्रिडपर्यंत नेणारी सव्वाचारशे किलोमीटरहून लांब पारेषण वाहिनी मात्र तयार नव्हती. तिचे काम घेतलेली परदेशी कंत्राटदार कंपनी मध्येच दिवाळखोरीत गेली, नवा कंत्राटदार शोधावा लागला आणि वाहिनी सप्टेंबर 2018 मध्ये जोडली गेली. त्या मधल्या काळात वारा वाहत होता, चक्क्या उभ्या होत्या, आणि न मिळालेल्या विजेची भरपाई करारानुसार केनियाला करावी लागली. पवनचक्क्यांत पैसे गुंतवणारे सुरक्षित होते. वाहिनीच्या विलंबाची जोखीम सरकारच्या, म्हणजे अखेर वीजग्राहक आणि करदात्यांच्या माथी होती. प्रकल्प आज चालू आहे, केनियाच्या विजेत त्याचा चांगला वाटा आहे, त्यामुळे तो फसला असे मी मुळीच म्हणणार नाही. पण वीजनिर्मितीला पैसा आणि हमी दोन्ही मिळतात, तर पारेषण आणि वितरण यांच्या वाट्याला उरलेसुरले येते, ही सवय या एका उदाहरणात पुरती उघडी पडते.

वितरणाची स्थिती तर याहून नाजूक आहे. जागतिक बँकेच्याच 2016 च्या अभ्यासात उपसहारा आफ्रिकेतील 39 देशांचे वीजक्षेत्र तपासले गेले, आणि चालू खर्च व भांडवली खर्च दोन्ही वसुलीतून भागवणारे त्यांत दोनच देश निघाले: सेशेल्स आणि युगांडा. जी वितरण कंपनी दर युनिटमागे तोटा सोसते, तिला एक नवा गरीब ग्राहक जोडणे म्हणजे आणखी तोटा ओढवून घेणे असते. खांब रोवले जातात, मीटर बसतो, उद्घाटन होते. मग रोहित्र जळते, ते बदलायला कंपनीकडे पैसे नसतात, आणि महिनोन्‌महिने काळोखात काढल्यावर लोक बिल भरणे थांबवतात. थकबाकी वाढली की पुढचे रोहित्र आणखी उशिरा येते. हे चक्र ज्यांनी वीजवितरणाचे हिशेब जवळून पाहिले आहेत त्यांना नवे नाही.

या तोट्याला त्या देशांची सरकारेही जबाबदार आहेत, आणि तसे स्पष्ट लिहायला हवे. निवडणुकीवर डोळा ठेवून दर गोठवले जातात, सरकारी कार्यालयेच बिले थकवतात, वीजचोरीकडे सोयीने काणाडोळा होतो, निविदा कोणाला द्यायची हे आधी ठरते. आपल्या अटींमध्ये या सुधारणांचा आग्रह असतो तो योग्यच आहे. मला खटकते ते इतकेच की, ‘वीजदर खर्चाइतके करा’ ही अट सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने मांडली जाते, आणि खर्चच मुळात फुगलेला का आहे, त्यात डॉलरच्या कर्जाचा, महाग करारांचा आणि गळतीचा वाटा किती, हे त्याच टेबलावर तितक्या काटेकोरपणे तपासले जात नाही.

आपण यशाची मोजणी कशी करता, याविषयी माझा आक्षेप अधिक तीव्र आहे. जागतिक बँक आणि आफ्रिकी विकास बँक यांनी एप्रिल 2024 मध्ये ‘मिशन 300’ जाहीर केले: 2030 पर्यंत आफ्रिकेतील 30 कोटी लोकांना वीज, त्यांपैकी 25 कोटींची जबाबदारी जागतिक बँकेची आणि 5 कोटींची आफ्रिकी विकास बँकेची. जानेवारी 2025 मध्ये दार-एस-सलामच्या परिषदेत टांझानिया, नायजेरिया, झांबिया, सेनेगल यांसह 12 देशांनी आपापले ऊर्जा आराखडे मांडले. उपक्रम मोठा आहे आणि त्याचे स्वागतच आहे. पण वीज ‘मिळाली’ असे कधी म्हणायचे? जागतिक बँकेच्या ऊर्जा विभागाने यासाठी एक चांगली श्रेणीपद्धती तयार केली आहे. तिच्या पहिल्या पायरीवर दिवसाला किमान 4 तास, त्यांतला संध्याकाळी किमान 1 तास, आणि तोही अवघ्या 3 वॉटचा पुरवठा अपेक्षित आहे. म्हणजे एखादा दिवा आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय. सर्वांत वरच्या, पाचव्या पायरीवर दिवसाला किमान 23 तास पुरवठा लागतो. दिव्यालाही मोल आहे, हे मान्य. रॉकेलच्या चिमणीवरून 3 वॉटच्या दिव्यावर येणे ही त्या घरासाठी लहान गोष्ट नाही. परंतु जाहीर आकड्यात पहिल्या पायरीवरचे घर आणि पाचव्या पायरीवरचे घर एकाच वजनाने मोजले जाते, तेव्हा स्वस्तातली पायरी गाठण्याचा मोह प्रत्येक अधिकाऱ्याला होणारच.

मोजणीचे दुसरे वैगुण्य वेळेचे आहे. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि अन्य दोन संस्थांनी 2023 मध्ये काढलेल्या अहवालानुसार कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील सुमारे 100 कोटी लोक अशा आरोग्य केंद्रांवर अवलंबून आहेत, जिथे वीज नाही किंवा असली तरी भरवशाची नाही. त्यांतल्या अनेक केंद्रांवर कधीकाळी सौर संच बसलेला असतो. बहुधा घडते ते असे: छतावर पॅनेल, आत भिंतीला इन्व्हर्टर आणि खाली लाकडी फळीवर शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या. खोली बंद आणि तापलेली. पहिले वर्ष उत्तम जाते. दुसऱ्या वर्षी बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणी घालायचे राहून जाते, कारण ते कोणी घालायचे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. तिसऱ्या वर्षी रात्री नऊनंतर इन्व्हर्टर बीप करू लागतो. परिचारिका पंखा आणि बाहेरचा दिवा बंद करते, म्हणजे प्रसूतीच्या खोलीतला दिवा पहाटेपर्यंत टिकावा. चौथ्या किंवा पाचव्या वर्षी बॅटऱ्या मरतात. छतावरचे पॅनेल आणखी वीस वर्षे वीज देऊ शकते, पण ती उजेड असतानाच. नव्या बॅटऱ्यांसाठी आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात शीर्ष नाही, कारण संच प्रकल्पातून आला होता. आणि प्रकल्प केव्हाच बंद झाला आहे, त्याचा समाप्ती अहवाल समाधानकारक शेऱ्यासह जमा झाला आहे. बॅटरीचे आयुष्य आणि प्रकल्पाचा कालावधी जवळपास सारखाच असावा, हा योगायोग फार महागात पडतो.

हे टाळता येते, आणि ते बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर करून दाखवले गेले. 2003 मध्ये तिथे घरगुती सौर संचांचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे 41 लाखांहून अधिक संच बसून सुमारे 2 कोटी लोकांपर्यंत वीज पोहोचली. जागतिक बँकेचे सवलतीचे कर्ज सरकारने घेतले. सरकारी मालकीच्या पायाभूत सुविधा वित्त कंपनीने ते टाक्यात, म्हणजे स्थानिक चलनात, गावोगावच्या संस्थांना दिले. चलनाची जोखीम कुटुंबांवर आली नाही. सुरुवातीला प्रत्येक संचामागे थोडे अनुदान होते, ते हळूहळू कमी करत नेले. संच विकणाऱ्या संस्थेचाच माणूस महिन्याला हप्ता घ्यायला दारात येई, त्यामुळे बिघाड लपून राहत नसे. संच बंद असेल तर लोक हप्ता देत नसत आणि दुरुस्ती करणे संस्थेलाच भाग पडे. पुढे मुख्य ग्रिड अपेक्षेपेक्षा वेगाने पसरले, फुकट संच वाटण्याची सरकारी योजनाही आली, आणि हप्त्यांची वसुली कोलमडून भागीदार संस्था अडचणीत आल्या. हा शेवट सांगितल्याशिवाय ती गोष्ट पूर्ण होत नाही. ग्रिड केव्हा आणि कुठे येणार याची जोखीमही कोणीतरी वाहायची असते, आणि तिथे ती अखेरीस छोट्या संस्थांवर पडली.

स्वयंपाकाच्या इंधनाविषयी आपण कमी बोलता. घरातल्या धुरामुळे 2020 मध्ये 32 लाख मृत्यू झाले, त्यांत पाच वर्षांखालील मुले 2.37 लाखांहून अधिक होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मे 2024 मध्ये पॅरिसच्या परिषदेत आफ्रिकेतील स्वच्छ स्वयंपाकासाठी 220 कोटी डॉलर जाहीर झाले. गरज 2030 पर्यंत दरवर्षी 400 कोटी डॉलरची आहे. चूल आणि इंधन हा असा खर्च आहे की ज्यातून गुंतवणूकदाराला देण्याजोगा परतावा सहसा निघत नाही, त्यामुळे तिथे कर्जापेक्षा अनुदानच शोभते. कार्बन श्रेयांच्या, म्हणजे टळलेल्या उत्सर्जनापोटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रांच्या, विक्रीतून हा पैसा उभा करण्याची कल्पना आकर्षक वाटते खरी. पण 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्कली विद्यापीठातील संशोधकांच्या अभ्यासात, तपासलेल्या सुधारित चुलींच्या प्रकल्पांनी प्रत्यक्षापेक्षा सुमारे नऊ पट अधिक श्रेये मिळवल्याचे आढळले. फुगवलेल्या श्रेयांवर उभारलेली योजना पहिल्याच कडक तपासणीत गडगडते, आणि चूल मिळालेली बाई पुन्हा लाकूडफाट्याकडे जाते.

एलपीजी हे खनिज इंधन आहे म्हणून त्याला निधी देऊ नये, असा एक मतप्रवाह देणगीदार देशांत आहे. वीजनिर्मितीच्या बाबतीत तो आग्रह मला समजतो. लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या घरात गॅसची शेगडी येते तेव्हा मात्र धूर, जंगलतोड आणि मिथेन यांचा एकत्रित हिशेब केल्यास हवामानाचेही नुकसान घटते, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थाच सांगते. शिवाय ज्यांची स्वतःची घरे अजून पाइपातल्या गॅसवर गरम होतात, त्यांनी हा निकष इतरांच्या चुलीला लावावा, हे शोभून दिसत नाही. भारताच्या उज्ज्वला योजनेचा धडा येथे उपयोगी आहे. 2016 पासून कोट्यवधी घरांत जोडणी वेगाने पोहोचली, पण लेखापरीक्षकांच्या 2019 च्या अहवालात लाभार्थी कुटुंबे वर्षाला सरासरी चारपेक्षाही कमी सिलिंडर भरून घेत असल्याचे दिसले. 2022 मध्ये सरकारने या कुटुंबांना प्रत्येक सिलिंडरमागे वेगळे अनुदान सुरू केले. म्हणजे जोडणीसाठी एकदा खर्च करून भागत नाही; वापरासाठी वर्षानुवर्षे आधार लागतो, आणि प्रकल्पाच्या पाच वर्षांच्या चौकटीत तो बसत नाही.

मोठ्या राजकीय करारांविषयी थोडक्यात लिहितो. 2021 मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत दक्षिण आफ्रिकेला कोळशापासून दूर जाण्यासाठी 850 कोटी डॉलर देण्याचे जाहीर झाले. तपशील आला तेव्हा त्यांतले अनुदान 4 टक्क्यांच्या आसपास निघाले. पुढे इंडोनेशिया आणि व्हिएतनामशीही असेच करार झाले. मार्च 2025 मध्ये अमेरिका या तिन्ही करारांतून बाहेर पडली. वचन मोडण्याची जोखीमही अशा प्रकारे ज्याला वचन दिले त्यानेच सोसायची, असा हा व्यवहार आहे.

आपल्याकडे माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. ज्या देशांत अजून निम्म्या लोकसंख्येकडेही वीज नाही, तिथे जोडण्या, वितरण वाहिन्या आणि स्वयंपाकाचे इंधन यांसाठी दिला जाणारा पैसा प्रामुख्याने अनुदान असावा; व्यापारी वीजनिर्मितीसाठी कर्ज द्यायला हरकत नाही. जिथे कर्ज द्यायचे तिथे ज्याची कमाई स्थानिक चलनात आहे त्याला ते स्थानिक चलनात द्यावे, आणि विनिमय दराच्या चढउताराचा खर्च बँकेने स्वतःच्या ताळेबंदावर घ्यावा. सुरुवात सर्व देशांत एकदम करण्याची गरज नाही. ‘मिशन 300’ मध्ये आराखडे मांडणाऱ्या पहिल्या 12 देशांपैकी तीनचार देश निवडून छोट्या ग्रिडच्या कर्जांपासून ती करता येईल. कोणत्याही वीजनिर्मिती प्रकल्पाला मंजुरी देताना त्याच्या पारेषण वाहिनीचा वित्तपुरवठा त्याच बैठकीत मंजूर व्हावा, आणि वाहिनीला विलंब झाल्यास त्याचा भार गुंतवणूकदार, बँक आणि सरकार यांच्यात वाटला जावा. आरोग्य केंद्रे आणि शाळा यांच्या सौर संचांसाठी किमान पंधरा वर्षांचा देखभाल निधी प्रकल्पाच्या पहिल्याच हप्त्यात वेगळ्या खात्यात जमा करून ठेवावा, म्हणजे बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हा प्रकल्प संपलेला असला तरी पैसे हाताशी असतील.

शेवटची मागणी खर्चाची नाही. प्रत्येक जोडणी दिल्यानंतर तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी त्या घरात दिवसाला किती तास वीज येते आणि महिन्याला किती युनिटे वापरली जातात, याची देशवार आकडेवारी आपण जाहीर करावी. श्रेणीपद्धती आपल्याकडे तयार आहे, सर्वेक्षणे आपण करताच, आणि दुरून वाचता येणारे मीटर आता छोट्या ग्रिडवरही बसवले जातात, त्यामुळे माहिती गोळा करणे अशक्य नाही. 2030 मध्ये ‘मिशन 300’ चा हिशेब मांडला जाईल, तेव्हा जोडलेल्या लोकांच्या आकड्याशेजारी पुरवठ्याच्या तासांचा रकाना असावा. तो रकाना आत्ताच ठरवला, तर पुढच्या पाच वर्षांतली कंत्राटे त्यानुसार लिहिता येतील; नंतर ठरवला तर त्या कंत्राटांतील खांब आणि मीटर तोवर बसून गेलेले असतील.

या मागण्यांवर संचालक मंडळात चर्चा व्हावी आणि कोणती मागणी का मान्य नाही, हे कारणांसह प्रसिद्ध करावे, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
वीजक्षेत्राचा एक अभ्यासक